जुनी आलिशान सेडान खान्देशात घ्यायची आणि टिकवायची तर

नवी असताना चाळीस-पंचेचाळीस लाखांना गेलेली ई-क्लास किंवा ५-सिरीज दहा-बारा वर्षांनी सात-आठ लाखांत दारात येऊन उभी राहते. मोह पडणं साहजिक आहे. पण उतरते ती गाडीची किंमत. तिच्या वॉटर पंपाची, गिअरबॉक्सची आणि हेडलाइटची किंमत उतरत नाही. म्हणून पहिला हिशोब असा ठेवा: खिशात आठ लाख असतील तर सहाची गाडी बघा. उरलेले दोन पहिल्या वर्षाचे आहेत आणि ते खर्च होणारच असं धरून चाला. ज्याला हे जमणार नाही त्याने तीच रक्कम घालून नव्यातली छोटी गाडी घ्यावी, झोप चांगली लागेल.

खान्देशात या गाड्यांची परीक्षा चार गोष्टी घेतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या वर जातो. कापसाच्या हंगामात हवेत तंतू उडत असतो. बोअरचं पाणी जड आहे. आणि मर्सिडीज-बीएमडब्ल्यूसारख्यांचं कंपनीचं वर्कशॉप जवळ नाही. नाशिक, संभाजीनगर, सुरत नाहीतर इंदूर गाठावं लागतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला जी गाडी सोयीची, ती शहाद्याच्या माणसाला सोयीची असेलच असं नाही.

कोणती बघायची

डिझेलमध्ये शांत, मोठी, लांबच्या पल्ल्याची गाडी हवी असेल तर मर्सिडीजची डब्ल्यू२११ ई-क्लास, म्हणजे २००२ ते २००९ ची पिढी, त्यातही २००६ च्या बदलानंतरची ई२२० सीडीआय सर्वात समजूतदार निवड. तिचं ओएम६४६ इंजिन दणकट आहे. २००६ च्या आधीच्या गाड्यांत एसबीसी नावाची इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा होती. तिचा पंप महाग, आणि यंत्रणा बंद न करता पॅड बदलायला बसलात तर कॅलिपर स्वतःहून दाबला जाऊन बोट चिरडू शकतं. साध्या गॅरेजात ही गाडी ब्रेकच्या कामाला देऊच नका. ओएम६४६ चा एक ठरलेला आजार म्हणजे इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गळणं. बोनेट उघडून इंजिनावरचं प्लॅस्टिक कव्हर काढा. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर दिसला किंवा ‘फुस्‌-फुस्‌’ आवाज आला तर समजा. वेळेत धरलं तर नवा वॉशर, नवा बोल्ट आणि बैठक साफ करणं एवढ्यावर भागतं. वर्षभर दुर्लक्ष केलं तर इंजेक्टर निघताना हेडसकट त्रास देतो.

पुढच्या डब्ल्यू२१२ ई-क्लासमध्ये (२००९ ते २०१६) आणि साधारण २००९ नंतरच्या डब्ल्यू२०४ सी-क्लासमध्ये ओएम६५१ डिझेल इंजिन येतं. ताकद जास्त, आवाजही थोडा जास्त. सुरुवातीच्या गाड्यांतले पिझो इंजेक्टर बिघडत, नंतर ते बदलले गेले. त्यामुळे सुरुवातीची गाडी असेल तर इंजेक्टर बदलल्याचा कागद मागा. डब्ल्यू२०४ च्या स्टिअरिंग लॉकची मोटर एक दिवस मरते: किल्ली आत जाते, पण काही म्हणजे काही होत नाही. गाडी जागेवरच अडकते. हा भाग कधी बदलला का, हे विचारून घ्या. पेट्रोलच्या सी२०० मध्ये, विशेषतः सीजीआयमध्ये, सकाळी पहिल्या स्टार्टला दोन सेकंद खडखड ऐकू आली तर टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडवणारी साखळी) आणि कॅमशाफ्टची चाकं झिजली आहेत.

बीएमडब्ल्यू ३२० डी आणि ५२० डी चालवायला सगळ्यात गोड. पण २००७ नंतरच्या एन४७ इंजिनाची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. ती बदलायची तर गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. त्यातही २०११ पर्यंतच्या गाड्यांत ही तक्रार जास्त. परीक्षा सोपी आहे: थंड इंजिन चालू करा, आर्म रेस्टवर हात ठेवून न बसता खाली उतरा, पुढच्या चाकाच्या मागे गुडघ्यावर बसून कान द्या. १५०० ते २००० आरपीएमला मागून घासल्यासारखा आवाज आला तर गाडी कितीही चकचकीत असो, सोडून द्या.

स्कोडा सुपर्ब (२००९ ते २०१५ ची दुसरी पिढी) खान्देशासाठी फार चांगली आहे, फक्त एक अट पाळा: २.० टीडीआय, म्हणजे डिझेल घ्या. तिच्यात तेलात बुडालेल्या क्लचचा ६ स्पीडचा डीक्यू२५० गिअरबॉक्स आहे. १.८ टीएसआय या पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये कोरड्या क्लचचा ७ स्पीडचा डीक्यू२०० येतो. गर्दी आणि ऊन हे दोन्ही त्याला सोसत नाही, आणि मेकाट्रॉनिक (गिअर बदलणारा आतला कॉम्प्युटर आणि व्हॉल्व्हचा संच) गेला की दुरुस्तीचं बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. १.८ मॅन्युअल मिळाली तर ती मात्र बघण्यासारखी. या १.८ इंजिनाच्या काही पिढ्या, ऑडी ए४ मधल्यासुद्धा, तेल पितात. त्यामुळे डिपस्टिक बघितल्याशिवाय बोलणी करू नका. ऑडी ए४ च्या त्याच काळातल्या, पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांत मल्टीट्रॉनिक हा सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला गिअरबॉक्स आहे. त्याचं तेल ६०,००० किलोमीटरला बदलल्याचा पुरावा नसेल तर घेऊ नका.

आणि ज्याला गॅरेजच्या चकरा नकोतच, त्याच्यासाठी टोयोटा कॅमरी आणि होंडा अकॉर्ड २.४. दोन्ही पेट्रोल, दोन्ही टायमिंग चेनच्या. इंजिनाचं काम जळगाव-धुळ्याच्या चांगल्या मिस्त्रीच्या हाताबाहेरचं नाही. कॅमरीच्या २.४ इंजिनाने तेल कमी होतं का, तेवढं बघा. अकॉर्ड व्ही६ ला मात्र टायमिंग बेल्ट आहे, तोही जुना झालेला असणार. या दोघींचे इंजिनाचे भाग मिळतात, बंपर आणि हेडलाइट शोधावे लागतात. पेट्रोल गाडी घेणाऱ्याने हेही लक्षात ठेवावं की पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी इंधन नळ्या तपासा, ठिसूळ असतील तर इथेनॉल चालणाऱ्या नळ्या टाका, आणि गाडी दोन-दोन महिने उभी राहणार असेल तर तेच पेट्रोल टाकीत ठेवू नका. त्यात ओलावा शिरतो.

व्ही६ डिझेल, एअर सस्पेन्शन आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या पहिल्या गाडीसाठी नकोत. ई२८० सीडीआयचं इंजिन अप्रतिम आहे, पण त्याच्या ऑईल कूलरचं सील इंजिनाच्या मधोमध खोल दडलेलं असतं. सील दोनशे-चारशेचं, मजुरी दोन दिवसांची.

बघायला जाताना

मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी थंड हवी. पोहोचल्यावर बोनेटला हात लावा. कोमट लागलं तर इंजिन तापवून ठेवलेलं आहे, चहा घ्या आणि पूर्ण गार झाल्यावरच बघा.

स्कॅनर सोबत न्या. तीन-चारशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटमध्ये लावून मोबाइलवर बघायचा) इंजिनाचे बिघाडाचे कोड आणि कूलंटचं तापमान दाखवतो, तेवढा तर हवाच. पण गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग यांचे कोड वाचायला स्कोडा-ऑडीसाठी व्हीसीडीएस, बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, मर्सिडीजसाठी झेंट्री हे खास स्कॅनर लागतात. ज्याच्याकडे हे आहेत त्या माणसाला दिवसभराचे पैसे देऊन घेऊन जा. हाच माणूस मीटर मागे केलंय का हेही काढतो, कारण बीएमडब्ल्यूसारख्या गाडीत किलोमीटर फक्त मीटरमध्ये नसतात, इतर मॉड्यूलमध्येही (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये) नोंदलेले असतात. आकडे जुळले नाहीत की उत्तर मिळालं. सगळे कोड काल-परवाच पुसलेले दिसले तर तेही एक उत्तरच.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ असेल तर गाडी पुरात बुडालेली आहे. कार्पेटचा कोपरा उचला, डिकीतली स्टेपनी काढून तळ बघा. चारही काचांवरचे वर्षाचे आकडे जुळतात का पाहा. एकच काच वेगळी असेल तर त्या बाजूला ठोकलेली असण्याचा संभव, मग त्याच बाजूच्या दाराच्या फटी आणि रंगाखाली भरलेली लांबी (पुट्टी) तपासा.

चालवायला सपाट हायवे पुरेसा नाही. धुळ्याकडचे असाल तर लळिंगचा घाट, चाळीसगावकडचे असाल तर कन्नडचा घाट. वर चढताना एसी चालू ठेवा, डोंगलवर तापमान बघा. माथ्यावर गाडी बंद न करता दहा मिनिटं एसीसह उभी करा. फॅन सुरू होऊन तापमान खाली आलं पाहिजे. उतरताना ब्रेकवर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडी. सपाटीवर ६० ते ८० च्या वेगात हलकं अॅक्सिलरेटर ठेवलं असता गाडी पट्ट्यांवरून गेल्यासारखी दणदणली तर गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) झिजला आहे किंवा त्यातलं तेल खराब झालं आहे.

कागदांमध्ये एकच इशारा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्या स्वस्ताईत एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि एमएच-१८, १९ किंवा ३९ चा नवा नंबर हे धरलेलं नसतं. गाडीचा टोकन देण्याआधी आरसीची प्रत घेऊन आपल्या आरटीओत टॅक्स किती बसेल ते विचारून या. पंधरा वर्षं पूर्ण होत आली असतील तर फेरनोंदणीचं शुल्क आणि पर्यावरण कर वेगळा.

पहिला महिना: सगळी तेलं नवी

आधीच्या मालकाने काय टाकलं होतं यावर विश्वास ठेवू नका. इंजिन ऑईल डबीवरच्या ५डब्ल्यू-३० या आकड्यावरून निवडायचं नसतं, मान्यतेवरून निवडायचं. मर्सिडीज डिझेलला २२९.५१ किंवा २२९.५२, बीएमडब्ल्यू डिझेलला लाँगलाइफ-०४, स्कोडा-ऑडीच्या डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) डिझेलला ५०७.००. हा आकडा डबीच्या मागे लिहिलेला असतो. ‘शिफारस’ आणि ‘मान्यता’ यात फरक आहे, मान्यतावालंच घ्या. ओएम६५१ ला साडेसहा लिटर लागतं, एन४७ ला सव्वापाच. फिल्टर प्रत्येक वेळी, आणि फिल्टरच्या झाकणाची रबरी रिंगसुद्धा. कंपनी १५ ते २५ हजार किलोमीटरचं अंतर सांगते. इथल्या धुळीत आणि उन्हात ८ ते १० हजार किंवा एक वर्ष, यापुढे नेऊ नका.

ब्रेक ऑईल डॉट-४, दर दोन वर्षांनी. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत डिफरन्शियलचं तेल, साधारण एक लिटर. हे कुणी बदलतच नाही. डिझेल फिल्टर. टायमिंग बेल्टची गाडी असेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र. बेल्ट किलोमीटरनेच नाही, वयानेही जातो, आणि तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

आता गिअरबॉक्स. ‘लाइफटाइम ऑईल, बदलायचं नसतं’ हे वाक्य ऐकाल. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. बीएमडब्ल्यूतल्या झेडएफ ६ स्पीडचं काम असं होतं:

१. गाडी चारही बाजूंनी सारखी उचललेली हवी. एका बाजूने जॅक लावून पातळी कधीच बरोबर येत नाही.
२. आधी भरायचा नट सैल करा, मगच खालचा. तेल काढून टाकलं आणि भरायचा नट उघडलाच नाही, तर गाडी तिथेच बसली.
३. पॅन प्लॅस्टिकचा असतो आणि फिल्टर त्याच्यातच असतो. म्हणजे पॅन-फिल्टर-गॅस्केट एकच नग, पूर्ण बदलायचा. जुना पॅन परत लावला तर फिल्टर जुनाच राहिला.
४. पॅन उघडला आहेच तर मेकाट्रॉनिकच्या प्लगभोवतीची बाही आणि सील बदला. ही दोन-तीन रबरं कडक होऊन गळतात आणि गिअर झटके देतात.
५. पॅनचे स्क्रू कोपऱ्यांतून आळीपाळीने, हलक्या हाताने.
६. तेल वाहेपर्यंत भरा, इंजिन सुरू करा, ब्रेक दाबून प्रत्येक गिअर काही सेकंद, पुन्हा पार्क. इंजिन चालू असतानाच, तेलाचं तापमान ३० ते ५० अंशांत असताना बारीक धार येऊ लागली की नट बंद.

शेवटच्या पायरीवर खान्देशातला मिस्त्री फसतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता शेडमध्ये उभ्या गाडीचं तेल सुरू करण्याआधीच चाळिशीच्या पुढे असतं, आणि बघता बघता पन्नास ओलांडतं. गरम तेल फुगतं, पातळी खोटी दिसते, गिअरबॉक्स कमी तेलावर चालतो. म्हणून हे काम सकाळी सहा-सातला करा, तेही स्कॅनरवर तापमान बघत. स्कोडाच्या डीक्यू२५० ला हीच तापमानाची मर्यादा आणखी अरुंद आहे, ३५ ते ४५ अंश. तेल दर ६०,००० ला, सव्वापाच ते साडेपाच लिटर, आणि बाहेरून लागणारा फिल्टर.

डब्ल्यू२११ च्या ५ स्पीडमध्ये एक दीड-दोनशे रुपयांचा प्लॅस्टिकचा कनेक्टर असतो. त्याच्या रिंगा गळू लागल्या की तेल वायरीच्या आतून वर चढत कॉम्प्युटरपर्यंत पोहोचतं. तेल बदलताना हा कनेक्टर न विचारता बदला.

उन्हाळ्याची तयारी

ही गाडी इथे मरते ती कूलिंगमुळे. बाकी सगळं वाट बघतं. हेड वाकायला तीन-चार मिनिटं पुरतात.

मीटरवरच्या काट्यावर विसंबू नका. बहुतेक गाड्यांत तो ७५ ते १०५ पर्यंत मध्यावरच ठेवलेला असतो, आणि ई९० ३-सिरीजला काटाच नाही. डोंगल कायम लावून ठेवा. हायवेवर ८८-९५ असायला हवं. उलट ७०-७५ वरच राहत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. थंड इंजिनात डीपीएफ जळून साफ होत नाही आणि डिझेलही जास्त लागतं.

कूलंटमध्ये बोअरचं पाणी एक पेलासुद्धा नको. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हीटरमध्ये खडूसारखे बसतात. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर वापरा. ‘इथे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला’ हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. अर्धं कूलंट अर्धं पाणी, वर प्रेशरचं झाकण असलं की उकळबिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो आणि अॅल्युमिनियमला गंज लागत नाही, म्हणून. रंगावरून जुळवणी करू नका. निळं, गुलाबी, हिरवं हे फक्त रंग आहेत, गाडीच्या पुस्तकातला मान्यतेचा आकडा बघा.

बदलताना सगळ्यात जास्त चूक इथे होते: जुनं काढून साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुतलं की इंजिनाच्या पोटात दोन-तीन लिटर पाणी उरतंच. त्यावर अर्धं-अर्धं मिश्रण ओतलं तर शेवटी कूलंट तिसराच हिस्सा राहतो. यंत्रणा आठ लिटरची असेल तर आधी चार लिटर निव्वळ कूलंट ओता, मग जागा उरेल तेवढं पाणी. पेट्रोलच्या सहा सिलिंडर बीएमडब्ल्यूत वॉटर पंप विजेवर चालतो. तिथे हवा काढायला इंजिन सुरू न करता इग्निशन चालू, हीटर पूर्ण गरम, फॅन सर्वात कमी, आणि अॅक्सिलरेटर दहा सेकंद तळापर्यंत दाबून धरायचा. पंप बारा मिनिटं स्वतः फिरतो. तोवर बॅटरीला चार्जर लावून ठेवा.

दहा वर्षं झालेल्या गाडीची पाण्याची प्लॅस्टिकची टाकी, तिचं झाकण, वरचा पाइप आणि थर्मोस्टॅट हे चार भाग गळायची वाट न बघता एप्रिलच्या आधी बदला. उन्हाने पिवळी पडलेली टाकी हायवेवरच फुटते. काही जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या आतच असते. ती आतून फुटली की कूलंट गिअरबॉक्समध्ये जातं, तेल दुधी-गुलाबी होतं आणि क्लचचे अस्तर सुटतात. अशा गाडीचा मूळ रेडिएटर पंधरा वर्षं जुना असेल तर नवा टाकणं हाच विमा.

एसी कमी झाला की दुकानदार गॅस भरायला धावतो. थांबा. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत जिनिंगच्या रस्त्यांवरून फिरलेल्या गाडीत कापसाचा तंतू कंडेन्सरमधून (रेडिएटरच्या पुढे असलेल्या एसीच्या जाळीतून) आत जातो आणि कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधे गोधडीसारखा थर बसतो. समोरून बॅटरी मारून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते! पुढचा बंपर आणि वरची पट्टी काढून, गॅसचे पाइप न उघडता कंडेन्सर दोन-तीन इंच पुढे झुकवा, हाताने थर काढा, मग आतून बाहेरच्या दिशेने कमी दाबाचं पाणी सोडा. सर्व्हिसिंग सेंटरची जोराची धार मारलीत तर पत्र्या आडव्या होतात आणि हवा कायमची बंद होते. बऱ्याच वेळा एवढ्यानेच एसी आणि इंजिन दोन्ही थंड होतात. गॅस भरायचाच असेल तर सगळा काढून, व्हॅक्यूम करून, बोनेटखालच्या लेबलवर लिहिलेल्या ग्रॅमइतका वजन करून. केबिन फिल्टर कपाशीच्या हंगामानंतर बदलाच.

पाऊस, पाला आणि उंदीर

कडुनिंबाखाली गाडी लावणं सावलीसाठी बरं, पण वायपरच्या खालच्या पन्हाळीत पाला साचतो आणि पाण्याच्या वाटा बुजतात. ऑडी आणि जुन्या सुपर्बमध्ये ते पाणी तुंबून कार्पेटखालच्या मॉड्यूलपर्यंत जातं. मर्सिडीजमध्ये फ्यूज आणि रिलेच्या डब्यात. मे अखेरीस बोनेट उघडा, जाळी काढा, पाला हाताने काढून एक तांब्या पाणी ओता. ते चाकामागून लगेच खाली पडलं पाहिजे. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतही असंच थोडं थोडं पाणी सोडून बघा. अडलं तर नायलॉनची बारीक दोरी घाला, हवेचा जोर लावू नका, नळी आतल्या आत निसटते.

काळी माती चाकाच्या रिमला आतून चिकटून वाळली की ८० च्या वेगाला स्टिअरिंग हलतं. लोक बॅलन्सिंगला पैसे घालतात. आधी रिम आतून धुवा.

शेतातल्या गोदामात किंवा खळ्याजवळ गाडी उभी राहत असेल तर एअर फिल्टरचा डबा दर महिन्याला उघडून बघा. उंदीर तिथे कापूस नेऊन घरटं करतो आणि मग वायरी कुरतडतो. आठवडाभर गाडी उभी ठेवू नका, निदान दोन दिवसांआड अर्धा तास चालवा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर-रंगावर बसले असतील तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे, मऊ फडक्याने, लगेच धुऊन. केळीचा घड मात्र या गाडीत घेऊच नका, चीक सीटवर काळा पडला की निघत नाही.

बॅटरी

उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, चालू गाडीत १३.८ ते १४.७. एजीएम (काचेच्या तंतूंत आम्ल शोषलेली) बॅटरी निघाली तर एजीएमच टाका, आणि बीएमडब्ल्यूत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवा. नाहीतर गाडी तिला जुनी समजून चार्ज करत राहते. व्होल्टेज घसरलं की ई९० चा लाइट सांभाळणारा मॉड्यूल मरतो, म्हणून मेलेल्या बॅटरीवर पुन्हा पुन्हा स्टार्ट मारू नका. ट्रकच्या २४ व्होल्टवरून तर जंप कधीच नाही. बॅटरी डिकीत असली तरी जंप द्यायचे खांब बोनेटखाली असतात.

चाकं आणि खालची बाजू

टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी या उन्हात टायरचं रबर कडक झालेलं असतं. हवा सकाळी थंड टायरमध्ये, दारावरच्या लेबलप्रमाणे. दुपारी वाढलेली हवा काढू नका. रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं चालणारे) काढून साधे टायर टाकले तर डिकीत स्टेपनी किंवा पंप हवा, कारण बीएमडब्ल्यूत बऱ्याचदा स्टेपनीची जागाच दिलेली नसते.

लोअर आर्म, लिंक रॉड आणि बुश दोन्ही बाजूंचे एकत्र बदला. रबरी बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळायचा. हवेत लटकलेल्या चाकावर आवळला तर रबर पिळलेलंच राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं. ‘नवे आर्म टाकले तरी आवाज येतो’ याचं कारण बहुतेक वेळा हेच.

सुधारणा, पण क्रमाने

वरचं सगळं झाल्यावरच. पहिला खर्च चांगल्या टायरचा आणि ब्रेक पॅडचा. दुसरा हेडलाइटचा: पिवळी काच ८००, १५००, २०००, ३००० च्या पेपरने ओली घासून शेवटी यूव्ही लॅकर मारा, लॅकर नसेल तर एका उन्हाळ्यात पुन्हा पिवळी. साध्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब टाकू नका, समोरच्याचे डोळे दिपतात आणि तुमचा रस्ता उजळत नाही.

मोठ्या रिमचा हट्ट सोडा. ई९० ला २२५/४५ आर१७ ऐवजी कंपनीचाच २०५/५५ आर१६ बसतो. व्यास जवळजवळ तोच, पण बाजू उंच, खड्ड्यात रिम वाकत नाही. शोभा थोडी कमी होते, चालवण्याचं सुख वाढतं.

अँड्रॉइड स्टिरिओ लावताना डब्ल्यू२११, ई६० ५-सिरीज, ई९० किंवा एमएमआयवाल्या (मूळ स्क्रीनवाल्या) ऑडीचं मूळ युनिट काढून फेकू नका. त्यांच्यात आवाजाची फायबरची माळ असते, एक मणी काढला की बाकीची मुकी. मूळ युनिट ठेवून वर जोडता येणारा बॉक्स घ्या. काचांना फिल्म लावायची तर पुढची-मागची ७० टक्के, बाजूची ५० टक्के प्रकाश आत सोडणारीच.

रीमॅप करणारे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलणारे, ‘पन्नास हॉर्सपॉवर वाढवून देतो’ म्हणतात. सुपर्ब टीडीआयचा टॉर्क मुळात ३२० न्यूटन मीटर, डीक्यू२५० ची मर्यादा ३५० च्या आसपास. हिशोब तुम्हीच करा. ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात नेणारा व्हॉल्व्ह) बंद करणं, डीपीएफ कापणं हे तर नकोच. ते बेकायदा आहे आणि गाडीचा मूळ आजार झाकून ठेवतं.

भाग आणि ने-आण

भाग गाडीच्या नावाने मागू नका, चासिस नंबर देऊन पार्ट नंबर काढा. कंपनीच्या डब्यातला आर्म बहुधा लेमफोर्डरचा, शॉकअप साक्स किंवा बिल्स्टाइनचा, फिल्टर मान किंवा माहलेचा असतो. त्याच कंपनीचा तोच भाग तिच्या स्वतःच्या डब्यात बराच स्वस्त मिळतो. जुना भाग मुंबईत कुर्ल्याला किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटला मिळेल, पण किल्लीशी जोडलेले मॉड्यूल जुने घेऊ नका, दुसऱ्या गाडीच्या नंबरला बांधलेले असतात.

आपल्या गावातला एक मिस्त्री पक्का करा आणि दुरुस्तीच्या सूचना, आवळण्याचे आकडे छापून त्याच्या हातात द्या: ई९० चे चाकाचे बोल्ट १२० न्यूटन मीटर, डब्ल्यू२११ चे १३०. वर्षातून एकदा नाशिक किंवा संभाजीनगरला नेऊन पूर्ण स्कॅन करून घ्या.

ऑटोमॅटिक गाडी बंद पडली तर दोरीने ओढू नका. गिअरबॉक्सचा पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद असताना चाकं फिरली की आतले भाग कोरडे घासतात. फ्लॅटबेडच मागवा आणि त्याचा नंबर आधीच फोनमध्ये ठेवा. डिकीत टो हुक आणि लॉकवाल्या चाकाची किल्ली आहे का, हे आज बघा. हुक बंपरच्या झाकणामागे आट्यावर बसतो. स्कोडा-ऑडीत तो बऱ्याचदा उलट्या आट्याचा असतो, डावीकडे फिरवून घट्ट करायचा.